चीर कुठे द्यायची

मागच्या श्रावणात माझी भाची एक चित्र घेऊन माझ्या शिलाई मशीनपाशी आली. तिच्या महाविद्यालयाच्या एकांकिकेत एक काल्पनिक राज्य होते आणि त्या राज्याची सेनापती एक मुलगी होती. चित्र तिने स्वतःच काढले होते. छातीवर पोलादी कवच, खांद्यांवर कमळाच्या पाकळ्यांसारखे एकावर एक चढवलेले पत्रे आणि कमरेखाली चामड्याच्या रुंद वाद्यांचा गुडघ्यापर्यंत येणारा घेर. पण उजव्या बाजूला हा घेर थेट कमरपट्ट्यापर्यंत उघडा होता आणि तिथून सगळी मांडी दिसत होती. "आत्या, अस्साच हवा," ती म्हणाली. मी चष्मा लावून ते चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ही चीर इथे कशासाठी दिलीस?" तिने क्षणभर विचार केला. "पळता यावं म्हणून," असे म्हणाली, आणि मग थोड्या हळू आवाजात, "सगळ्या चित्रांत तिथंच असते की."

मराठीत ते चीर म्हणजे वस्त्र आणि ती चीर म्हणजे फट. द्रौपदीचे जे ओढले गेले ते पहिले आणि शिंपी कात्रीने जी देतो ती दुसरी. गेली तीस वर्षे सांगलीत हौशी नाट्यसंस्थांचा कपडेपट सांभाळताना माझा सगळा वेळ या दोन शब्दांच्या मध्ये गेला आहे. वस्त्र कुठे बंद ठेवायचे आणि कुठे उघडायचे, हे एकदा ठरले की शिवणकामातला अवघड भाग संपला असे मी मानते. म्हणून भाचीच्या चित्रातल्या चिरेचा प्रश्न मला वेशभूषेपुरता वाटला नाही. कथा-चित्रकथांतल्या, पडद्यावरच्या आणि मोबाइलवरच्या खेळांतल्या लढवय्या बायकांना हा कवचाचा घेर कोणी दिला, आणि त्याची चीर बाजूला कशी सरकली, हे मला तिच्याबरोबर बसून शोधावेसे वाटले.

त्यामागे माझी स्वतःची एक जुनी गोष्ट आहे. माझे माहेर कराड तालुक्यातले. हंबीरराव मोहित्यांचे तळबीड आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे त्यांची लेक ताराराणी ही आमच्याकडे इतिहासाच्या पुस्तकाआधी घरातल्या बोलण्यात भेटते. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज गेले तेव्हा ती पंचविशीत होती आणि त्यानंतरची सात वर्षे, औरंगजेबाचा अंत होईपर्यंत, तिने मराठ्यांचे युद्ध चालवले. नववीत असताना स्नेहसंमेलनात मला ताराराणी करायला मिळाली, तेव्हा मी रात्र रात्र झोपले नव्हते. प्रयोगाच्या दिवशी ड्रेपरीवाल्याकडून, म्हणजे नाटकाचे पोशाख भाड्याने देणाऱ्याकडून, जे गाठोडे आले त्यात लुगडे नव्हतेच. राणीचा पोशाख दुसरीकडे गेला होता, त्याऐवजी कुठल्याशा परदेशी नाटकातला चंदेरी रंग दिलेल्या पुठ्ठ्याचा छातीपट आणि रेक्झिनच्या पट्ट्यांचा आखूड घेर पाठवला होता. वेळ नव्हता. बाईंनी तोच माझ्या कमरेला बांधला. गड परत घेण्याच्या प्रवेशात मला तीन पायऱ्या चढून वर जायचे होते. पहिल्याच पायरीला पट्ट्या दोन्ही बाजूंना फाकल्या, मागच्या रांगेतून शिट्टी आली आणि मी डाव्या हाताने घेर गच्च धरला. उजव्या हातात तलवार होती. ढाल खालच्या पायरीवरच राहिली. उरलेला सगळा प्रवेश मी ढालीचा हात घेर धरण्यात गुंतवून केला. माझे संवाद एकही न चुकता झाले, तरी घरी आल्यावर आईला मी एवढेच सांगितले की मला लढताच आले नाही.

त्या दिवसापासून कवचाच्या घेराशी माझे वैर आहे असे मी अनेक वर्षे समजत होते. ते वैर खोट्या ठिकाणी होते, हे मला पुढे जुन्या चिलखतांची चित्रे पाहू लागल्यावर कळले. घेर हा मुळात पुरुषांच्या चिलखताचा भाग आहे. ग्रीक आणि रोमन सैनिकांच्या उरस्त्राणाखाली चामड्याच्या किंवा लिननच्या कापडाच्या वाद्या लोंबत असत. कमरेभोवती सलग कडक कडे असले तर माणसाला वाकता येत नाही आणि काहीच नसले तर जांघ उघडी पडते. म्हणून कवचाची खालची कड उभी कापून तिच्या पट्ट्या केल्या, आणि एका थरातली फट झाकायला दुसरा थर त्याच्याखाली अर्ध्या वादीने सरकवून लावला. पाऊल पुढे टाकले की दोन-तीन वाद्या उचलल्या जातात, बाकीच्या जागेवर राहतात. आज आपण ज्याला 'योद्धा राजकन्येचा स्कर्ट' म्हणून ओळखतो तो हाच, शिपाईगड्यांचा.

युरोपात सोळाव्या शतकात तर पोलादाचाच घेर झाला. पायी द्वंद्वासाठीच्या चिलखताला कमरेपासून गुडघ्यापर्यंत खाली रुंद होत जाणारी कडी लावत. ती आतून चामड्याच्या पट्ट्यांवर जडवलेली असत, त्यामुळे एकमेकांवर सरकत. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५२० साली फ्रान्सच्या राजाबरोबरच्या प्रसिद्ध भेटीतील सामन्यांसाठी असे चिलखत घेतले. आधी त्याच्यासाठी नखशिखांत अंग झाकणारे, घेर नसलेले चिलखत घडवणे चालू होते, पण फ्रेंचांनी सामन्याचे नियम बदलले आणि पोलादी घेर आवश्यक केला, तेव्हा ते काम अर्धवट टाकून घाईने दुसरे जुळवावे लागले. हे वाचताना मला त्या कारागिरांविषयी फार जवळीक वाटली. प्रयोगाच्या तोंडावर कपडेपट बदलण्याची वेळ माझ्यावरही अनेकदा आली आहे. याच हेन्रीचे आणखी एक चिलखत आहे, साधारण १५१५ सालचे, चांदीचा मुलामा दिलेले. त्याला कापडी झग्यासारखा दिसणारा पोलादी घेर आहे आणि घेराच्या काठावर त्याचे आणि राणी कॅथरीनचे आद्याक्षर गाठींनी जोडलेले आहे. माझे लक्ष मात्र त्या काठापेक्षा कापलेल्या जागेवर खिळले. घेर समोर आणि मागे कमानीसारखा कापून काढला आहे, कारण राजाला त्यात घोड्यावर बसायचे होते.

समोर आणि मागे. कड्यांच्या लांब चिलखतालाही स्वारासाठी चीर तिथेच देत, म्हणजे बैठक मारली की दोन्ही बाजू दोन्ही मांड्यांवर पडतात आणि तलवारीचा वार जिथे उतरतो ती मांडीची बाहेरची बाजू झाकलेली राहते. जपानमध्ये छातीच्या कवचाखाली लोंबणाऱ्या झडपांचा हिशेबही असाच आहे. घोड्यावरून बाण मारणाऱ्या सरदाराच्या जुन्या भारी चिलखताला चार मोठ्या झडपा असत. पायी लढणाऱ्याच्या चिलखताला त्याच घेराच्या आठ, कारण चालणाऱ्याला अधिक ठिकाणी मोकळीक लागते. किती चिरा आणि कुठे, हे लढणाऱ्याच्या पायांनी ठरवले. बाजूने कमरेपर्यंत उघडलेला एकच सोगा पायांनी मागितलेला नसतो. चालताना मांडी पुढे येते, बाजूला जात नाही. आणि तिरप्या वाराला ती फट म्हणजे आमंत्रणच. छातीच्या कवचाला दोन वेगवेगळे उभार देऊन मध्ये घळ ठेवतात तेही तसेच. भाल्याचे टोक घसरून बाहेर जाण्याऐवजी नेमके छातीच्या हाडावर येते. असो, तो विषय कमरेच्या वरचा आहे.

भाचीला हे सांगताना मी तिला प्राचीन ग्रीक भांड्यांवरची चित्रेही दाखवली. त्या चित्रकारांना अ‍ॅमेझॉन या लढवय्या स्त्रियांच्या कथा फार आवडत. अनेक भांड्यांवर त्यांनी त्या स्त्रियांना गवताळ प्रदेशातल्या घोडेस्वारांसारख्या घट्ट, नक्षीदार विजारी घातल्या आहेत, आणि त्यांच्याशी लढणारा ग्रीक वीर मात्र आखूड घेरात, उघड्या पायांनी उभा आहे. भाची कितीतरी वेळ ते चित्र मोठे करून बघत राहिली. "म्हणजे आपण उलटं केलं," ती म्हणाली.

विजारीचे सोडा, आमच्या घरात या प्रश्नाचे उत्तर आजीच्या अंगावर होते. माझी आजी नऊवारी लुगडे नेसून भांगलणीला जायची. सकाळी उठून ती अंगणात उभी राहायची, सगळ्या लुगड्याचा घोळ समोर निऱ्यांत गोळा करायची, मग त्या निऱ्या दोन्ही पायांच्या मधून मागे ओढून पाठीशी अशा गच्च खोचायची की दिवसभर उकिडवे बसून पात काढली तरी काष्टा सैल होत नसे. बैलगाडीच्या चाकावर पाय देऊन ती चढायची तेव्हा तिचा एकही हात लुगडे सावरायला गेलेला मी पाहिला नाही. नऊ वारांच्या सलग, न शिवलेल्या, न कापलेल्या कापडातून दोन पाय वेगळे करायची ही युक्ती आहे, आणि तिची वाट हेन्रीच्या घेरातल्या कापाचीच आहे, समोरून मागे. फरक इतकाच की आजीला त्यासाठी कात्री लागली नाही.

ज्या स्त्रिया खरोखर लढल्या त्यांनी काय घातले हे आठवले तर घेराचा प्रश्न आणखी स्पष्ट होतो. १५९५-९६ मध्ये मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला आणि सुरुंगाने तट उडवला, तेव्हा चांदबीबी अंगात चिलखत, तोंडावर पडदा आणि हातात नागवी तलवार अशी खिंडारावर येऊन उभी राहिली, असे त्याच काळातल्या फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. स्त्री म्हणून जी मर्यादा तिला पाळायची होती ती तिने डोक्यावरून घेतली. चिलखत मात्र चिलखतासारखे. १४२९ मध्ये जोन ऑफ आर्कसाठी तूर शहरात चिलखत घडवले गेले, त्याला तिथल्या चलनातले शंभर लिव्र पडले. ते इतर कोणत्याही शिपायाच्या चिलखतासारखे अंगाला बेतलेले पांढरे पोलाद होते, आणि दोन वर्षांनी तिच्यावर खटला चालला त्यात पुरुषी वेष हा आरोपांपैकी एक होता. झाशीची राणी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ पडली ती स्वाराच्या वेषात. यांपैकी कोणालाही आपण स्त्री आहोत हे कमरेखालच्या कापडातून सांगावे लागले नाही.

सांगावे लागले ते त्यांची चित्रे काढणाऱ्यांना. फ्रेंच चित्रकार अँग्र याने १८५४ मध्ये जोनचे जे चित्र पूर्ण केले त्यात तिच्या लखलखत्या चिलखताखाली पायघोळ घागरा आला आहे. चारशे वर्षांपूर्वी जिच्या पुरुषी वेषावर धर्मपीठ चिडले होते, तिला एकोणिसाव्या शतकाने आदराने पुन्हा घागरा नेसवला. पुढच्या शतकात चित्रकथा आल्या. १९४१ मध्ये वंडर वूमन पहिल्यांदा छापली गेली तेव्हा तिला चांदण्यांचा निळा घेर होता. थोड्याच काळात त्याची आखूड चड्डी झाली. पुढे पडद्यावर वाद्यांचा घेर परत आला तो त्याच जुन्या ग्रीक शिपायाचा, पण आता बराच वर सरकलेला.

मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण वेशभूषेची अडचण मला आतून माहीत आहे. रंगमंचावर पन्नास फुटांवरून प्रेक्षकाला पहिल्या क्षणी कळावे लागते की हे कोण आहे. चेहरा दिसत नाही, आवाज अजून आलेला नाही, दिसतो तो फक्त अंगाचा आकार. घेर ते काम चटकन करतो, शिवाय तो वळला की हवेत फुलतो, थांबला की अर्धा क्षण उशिराने थांबतो आणि त्या अर्ध्या क्षणात नटीच्या हालचालीला वजन येते. मलाही घेर आवडतो. आमच्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणले तेव्हा आणि त्यानंतर कितीतरी वर्षे स्त्रीभूमिका पुरुषच करत होते, म्हणजे या गावाच्या रंगभूमीवर बाई आली ती आधी वस्त्राच्या रूपाने. वेषाने बाई उभी करायची ही विद्या आम्हाला वारशाने मिळाली आहे. म्हणूनच मला वाटते की आता, खरी मुलगी त्या वेषात उभी असताना, वेषाने तिला बाई ठरवण्यात सगळी शक्ती घालवू नये. तिला जे करायचे आहे ते करू द्यावे.

कोणी म्हणेल, आपल्या देवी तर बिनचिलखताच्याच लढतात. औंधची यमाई असो की प्रतापगडची भवानी, हातात शस्त्रे आणि अंगावर लुगडे. पण देवीला जखम होत नाही, हे सांगण्यासाठीच तिला चिलखत नाही. माणसाचे तसे नाही. त्याच प्रतापगडाखाली १६५९ मध्ये अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातले होते, कोणाला दिसू नये असे. जीव वाचवणारे पोलाद दिसले नाही तरी त्याचे काम होते. काल्पनिक नायिकांची गडबड इथे होते असे मला वाटते. त्यांना शरीर देवीचे देतात आणि लढाई माणसाची. तिच्या अंगावर लोखंड तर चढवतात, म्हणजे तिला जखम होऊ शकते हे मान्य करतात, आणि मग जिथे जखम होईल तेवढीच जागा मोकळी सोडतात.

भाची वाद घालणारी आहे, पण तिला पटले की हात चालू लागतात. आम्ही दोघींनी घेर नव्याने बेतला. आत खाकी रंगाचा चोळणा, म्हणजे पाय मुळातच झाकलेले आणि मोकळे. त्यावरून कंबर ३० इंच आली. बारा वाद्या, प्रत्येकी चार इंच रुंद, शेजारच्या वादीवर दीड इंच चढलेली. छातीचा पत्रा आणि खांद्याच्या पाकळ्या फोमच्या शीटमधून कापून, गरम हवेच्या बंदुकीने वळवून केल्या. त्याला वजन नसते आणि चंदेरी रंग छान धरतो. वाद्या मात्र मला खोट्या नको होत्या. रेक्झिन फाकते, लोंबत नाही, हे मी नववीतच शिकले होते.

चामड्यासाठी आम्ही मिरजेला गेलो. ज्या काकांकडे मी नेहमी जाते ते चपला करतात. त्यांनी चित्र पाहिले, बोटाने चामड्याची कड दाबली आणि म्हणाले, "ताई, चपलेचं चामडं कमरंला लावायचं म्हणजे आधी तेल पाजाय लागंल. न्हाईतर पोरगी बसली की हे उभंच ऱ्हाईल." दोन दिवस तेल मुरवून त्यांनी वाद्या दिल्या तेव्हा त्या हातावर टाकल्या की कापडासारख्या ओघळत होत्या. परतताना सतारमेकर गल्लीतून आलो. मिरजेचे तंबोरे आणि सतारी करणारी घराणी मूळची शिकलगारांची. हत्यारांना धार आणि झिलई देणाऱ्या हातांनी हत्यारांचे दिवस सरल्यावर भोपळा आणि लाकूड हाती घेतले. एका दुकानात एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालची जागा अगदी हलक्या हाताने घासत होते, घासायचे, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. भाची दारात उभी राहून पाहत होती. त्यांच्या आजोबा-पणजोबांपैकी कोणाच्या तरी हाताखालून एखाद्या चिलखताची कडीही गेली असेल, असे तिच्या मनात आले असावे; माझ्या तर आले.

घरी येऊन मी वाद्यांना वरून बकरमचा, म्हणजे ताठ कापडाचा, पट्टा लावला, त्याच्या आत सुती अस्तर, आणि मागे दोन बकले. मग चिरांचे ठरवले. कडेच्या वाद्या मांडीच्या मध्यापर्यंत एकमेकींना आतून मेणाच्या दोऱ्याने टाचल्या, जेणेकरून त्या फाकणार नाहीत, खालचा भाग मात्र हलेल. समोरच्या मध्यावर आणि मागच्या मध्यावर एकही टाका घातला नाही. तिथे घेर जवळजवळ पट्ट्यापर्यंत मोकळा. एकांकिकेत एक प्रवेश घोड्यावरचा होता आणि त्यासाठी मुलांनी लाकडी घोडवंची केली होती.

रंगीत तालमीला मी विंगेत जाऊन बसले. तीन फुटी लेव्हलवरून सेनापती खाली उडी मारते आणि एका गुडघ्यावर येते, अशी जागा होती. भाची धावत आली, वाद्या मांड्यांवर थाड थाड वाजत होत्या, तिने उडी मारली, गुडघा टेकला, आणि वाद्या तिच्या भोवती एकामागून एक खाली बसल्या. उजव्या हातात तलवार होती. डाव्या हातात ढाल होती, कोपरापासून वर उचललेली, चेहऱ्यासमोर. मी त्या हाताकडेच बघत होते. पुढचे दोन संवाद मला ऐकू आले नाहीत.

घोडवंचीच्या प्रवेशानंतर दिव्यांचे काहीतरी जुळवायचे होते म्हणून तालीम थांबली. भाची घामाने निथळत विंगेत आली, ढाल भिंतीला टेकवली आणि पाठ माझ्याकडे करून उभी राहिली. "आत्या, मागची चीर अजून दोन बोटं वर घेशील? बैठक मारली की पट्टा ओढतोय."

मी टाचण्या तोंडात धरल्या आणि तिच्यामागे गुडघ्यावर बसले.